बिघाड इंजिनाचा की पाण्याचा? जेटबोटीच्या दोषनिदानाचा इतिहास

जेटबोट ही पाण्याखाली उघड्या फिरणाऱ्या पंख्यावर नव्हे, तर पाण्याच्या झोतावर चालणारी नौका आहे. तिच्या तळाला असलेल्या जाळीदार तोंडातून पाणी आत ओढले जाते, इंजिनाच्या दांड्याला जोडलेला इंपेलर, म्हणजे नळीत बंदिस्त असलेले पात्यांचे चक्र, त्या पाण्याला जोर देतो आणि मागच्या निमुळत्या तोंडातून, म्हणजे नोझलमधून, ते वेगाने बाहेर फेकले जाते. या फेकीच्या प्रतिक्रियेने बोट पुढे सरकते. या रचनेमुळे उथळ पाण्यातली वाहतूक शक्य झाली, मात्र त्याबरोबरच इंजिनदुरुस्तीत एक नवी अडचण शिरली : इंजिन आणि पाणी यांची गाठ इतकी पक्की बसली की एकाचे दुखणे दुसऱ्याच्या अंगावर दिसू लागले. जेटबोटींच्या वेगाविषयी आणि साहसांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने, बंद पडू पाहणाऱ्या बोटीत नेमके काय बिघडले हे ओळखण्याची जी रीत या नौकांबरोबर घडत गेली, तिच्याकडे फारसे कोणी वळलेले नाही.

झोताची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये टूगुड आणि हेज यांनी १६६१ मध्येच अशा नौकेचे पेटंट घेतले होते. अमेरिकेत जेम्स रम्सी याने १७८७ मध्ये पोटोमॅक नदीवर वाफेच्या पंपाने पाणी मागे फेकणारी बोट चालवून दाखवली, आणि ब्रिटिश नौदलाने १८६६ मध्ये ‘वॉटरविच’ ही झोतावर चालणारी लढाऊ नौका पाण्यात उतरवली. ती चालली, पण साध्या पंख्याच्या नौकांपेक्षा सरस ठरली नाही, कारण पाणी वळणावळणाच्या मार्गाने नेण्यातच बरीचशी शक्ती खर्ची पडत होती. पुढची काही दशके ही कल्पना अधूनमधून डोके वर काढत राहिली, एवढेच.

तिला खरा उपयोग सापडला तो न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर. तेथील मॅकेन्झी प्रदेशात आयरिशमन क्रीक नावाचे मेंढपाळीचे विस्तीर्ण कुरण सांभाळणारे विल्यम हॅमिल्टन (१८९९–१९७८) हे हाडाचे यंत्रज्ञ होते. कुरणावरच त्यांनी कार्यशाळा उभारली होती. आसपासच्या नद्या हिमनद्यांतून निघून गोट्यांच्या रुंद पात्रात वेणीच्या पेडांसारख्या फुटत-जुळत वाहतात, आणि त्यांत जागोजागी पाणी वीतभरही खोल नसते. पंख्याची बोट तेथे पहिल्याच उथळीवर पाती मोडून घेई. हॅमिल्टन यांनी १९५३ च्या सुमारास एका अमेरिकी रचनेचा आधार घेऊन पंप बसवला. त्यात झोत तळाखालून सोडलेला होता आणि वेग अगदीच बेताचा मिळाला. पुढे नोझल पाण्याच्या पातळीच्या वर, बोटीच्या मागच्या फळीत आणल्यावर वेग दुपटीहून अधिक वाढला आणि तळाखाली काहीही लोंबकळत राहिले नाही. पाण्याला कमी वळणे घ्यावी लागतील असे, इंपेलरमधून सरळ रेषेत पाणी नेणारे पंप दशक संपण्यापूर्वीच तयार झाले.

या यशाची किंमत इंजिनाने मोजली. जेटबोटीला सुकाणू नसते. नोझलच्या तोंडाशी असलेला झोत डावी-उजवीकडे वळवूनच ती वळते, आणि मागे जायचे तर झोतासमोर एक वाटी उतरवून त्याची दिशा पुढे फिरवावी लागते. गिअरपेटी नसली तरी या रचनेत भागते, ही सोयच. पण इंजिन थांबले की वेगाबरोबर दिशाही हातची जाते. मोटारगाडीचे इंजिन रस्त्यात बंद पडले तर गाडी कडेला लागते, खळाळत्या पाण्यात मात्र तशी सवड मिळत नाही. म्हणूनच १९६० मध्ये हॅमिल्टन यांचे पुत्र जॉन यांच्यासह चालकांनी कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाच्या उलट दिशेने बोटी नेल्या, तेव्हा इंजिनाचा भरवसा ही केवळ सोयीची बाब राहिली नव्हती.

येथेच निदानाचा खरा प्रश्न येतो. बोट पूर्वीसारखी उचल घेत नाही, मेकॅनिकच्या भाषेत ‘पिकअप नाही’, ही तक्रार एकच असते, पण तिची कारणे दोन निराळ्या घरांत राहतात. त्यांची फोड करणारे साधन म्हणजे इंजिनाच्या मिनिटागणिक फेऱ्यांची संख्या दाखवणारा टॅकोमीटर. बंदिस्त इंपेलरला लागणारी शक्ती ढोबळमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि बोटीच्या वेगाने त्यात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे धडधाकट इंजिन पूर्ण थ्रॉटलवर एका ठरावीक आकड्याशी येऊन थांबते. तो आकडा नोंदलेला असला की निम्मे काम झाले. फेरे त्याच्या खाली राहत असतील तर दोष बहुधा इंजिनात आहे : कार्बुरेटरमध्ये कचरा आला असेल, प्लग काळे पडले असतील, इंधनात पाणी शिरले असेल किंवा कॉम्प्रेशन गेले असेल. फेऱ्यांत १० टक्के घट ही दिसायला किरकोळ वाटते, पण घनाच्या हिशेबाने तिचा अर्थ शक्तीत सुमारे २७ टक्के घट असा होतो. उलट फेरे नेहमीच्या आकड्याच्याही वर जाऊन इंजिन मोकळेच किंचाळत असेल आणि बोट मात्र जागची हलत नसेल, तर इंजिनाला हात लावण्याचे कारण नाही. पंपाला भरीव पाणी मिळत नाही. जाळीवर शेवाळ किंवा गवत बसलेले असते, इंपेलरच्या पात्यांत खडा अडकलेला असतो, अथवा दांड्याच्या सीलमधून हवा आत ओढली जात असते. शेवाळाचा उपाय तर इंजिन क्षणभर बंद करणे हाच असे, कारण ओढ थांबताच पाला बहुतेक वेळा आपोआप सुटतो. तो सुटला नाही तर पंपावरचे झाकण उघडून हात घालावा लागे. या साध्या तपासणीअभावी किती निर्दोष कार्बुरेटर उगाच खोलले गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

तिसरा दोष मात्र हळूहळू येतो. वाळू मिसळलेले पाणी इंपेलर आणि त्याभोवतीचे कडे यांच्यामधली फट झिजवत जाते, तेवढ्याच वेगासाठी दर हंगामात थोडे अधिक फेरे लागतात, आणि चालकाला हा बदल जाणवतच नाही. शिवाय अनेक बोटींत इंजिन थंड ठेवणारे पाणीही याच पंपाच्या दाबावर येते. त्यामुळे जाळी तुंबली किंवा नळीत गाळ बसला की तापमानाचा काटा चढतो आणि दोष रेडिएटरसारख्या एखाद्या भागात शोधला जातो, जो या बोटींत मुळातच नसतो. दांड्याचे मागचे बेअरिंग कित्येक पंपांत पाण्यानेच वंगण घेते, म्हणून बोट ट्रेलरवर असताना इंजिन सुरू करून पाहण्याची सवय महागात पडते.

गाळाची खरी परीक्षा भारतात झाली. एडमंड हिलरी यांनी १९७७ मध्ये ‘गंगा’, ‘किवी’ आणि ‘एअर इंडिया’ या तीन जेटबोटींसह गंगासागरपासून प्रवाहाविरुद्ध मोहीम काढली. जॉन हॅमिल्टन याही मोहिमेत चालक होते. पाणी भरपूर असावे म्हणून पावसाळ्याचा हंगाम निवडला होता; पण पावसाळ्यातली गंगा म्हणजे गढूळ पाणी, वाहत येणारी झाडे आणि गवत, म्हणजे पंपाच्या जाळीला आणि झिजणाऱ्या कड्याला नको असलेली प्रत्येक गोष्ट. तरीही या बोटी पाटणा, वाराणसी, हरिद्वार करीत अलकनंदेत शिरल्या आणि नंदप्रयागजवळ थांबल्या. त्यांना अडवले ते एका धबधब्याने.

फेऱ्यांवरून दोष ओळखण्याची हीच रीत मोठ्या नौकांनाही लागू पडते. वास्को येथील गोवा शिपयार्डने बांधलेल्या आणि २००२ पासून तटरक्षक दलात दाखल झालेल्या ‘सरोजिनी नायडू’ वर्गाच्या गस्ती नौकांत तीन डिझेल इंजिने आणि तीन जलझोत शेजारी-शेजारी आहेत. कार्बुरेटर आणि प्लग तेथे नाहीत, आकडे पडद्यावर उमटतात. तीन जोड्या असल्याने जुना हिशेब मात्र सोपा झाला : तिन्हींचे थ्रॉटल सारखे उघडले असता शेजाऱ्यांपेक्षा जिचे फेरे कमी, तिचे इंजिन आधी तपासायचे, आणि जिचे फेरे जास्त, तिची जाळी.