रकाना बदलतो तेव्हा

आपण खतावणीत नवा रकाना आखला, तर कारकून डोळ्यांनी पाहून सावरतो. यंत्र मात्र आखून दिलेल्या वाटेनेच चालते. १९६० च्या दशकात संगणकातील माहितीची मांडणी बदलली, की तिच्यावर विसंबलेल्या आज्ञावली अनेकदा कोलमडत. १९७० साली आय.बी.एम.च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी सुचविले, की माहिती तक्त्यांत मांडावी, नावाने मागावी; साठवणीची वाट आज्ञावलीला ठाऊकच नसावी. पुढे या मार्गाने नवा रकाना वाढविणे सोपे झाले. जुन्या रकान्याचे रूप पालटणे मात्र अवघडच राहिले. वर्षाचे दोनच अंक लिहिण्याची जुनी काटकसर २००० साल उजाडण्यापूर्वी जगभर निस्तरावी लागली. तेव्हा मांडणी बदलण्याआधी तिच्यावर कोण विसंबले आहे, हे आपण पाहिले पाहिजे.