कुर्निकची गढी आणि तिची झाडे

पोलंडमध्ये पोझनान शहराच्या आग्नेयेस सुमारे २० किलोमीटरवर कुर्निक नावाचे लहानसे गाव आहे. तेथे खंदकाने वेढलेली एक जुनी गढी आहे, आणि तिच्या मागे देशोदेशींच्या झाडांचे उद्यान. सरदारांच्या वाड्याभोवती बाग असणे युरोपात नवलाचे नाही. मग हीच बाग आपणांपुढे का मांडावी? कारण ही झाडे लावली गेली तेव्हा पोलंड नावाचे राज्यच नकाशावर नव्हते. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत शेजाऱ्यांनी ते गिळले होते, आणि कुर्निक प्रशियाच्या अमलाखाली होते.

१८२६ साली ही जहागीर तितुस ज्यावीन्स्की याच्या हाती आली. राज्य गेलेल्या लोकांचे दप्तर कोणी सांभाळावयाचे? त्याने जुनी हस्तलिखिते जमवून गढीत ग्रंथालय उभारले. १८३० मध्ये वॉर्सात रशियाविरुद्ध उठाव होताच तो त्यात सामील झाला. प्रशियाने त्याची जहागीर जप्त केली. दावा लावून ती सोडविण्यात कित्येक वर्षे गेली. पुढे त्याने गढी नव्याने बांधली, तीही बर्लिनच्या शिंकेल या वास्तुविशारदाचे आराखडे समोर ठेवून! कलेच्या बाबतीत त्याला शत्रूच्या राजधानीचे वावडे नव्हते, हे आम्हांस त्याच्या देशप्रेमाइतकेच मोलाचे वाटते.

अठराव्या शतकात तेओफिला या मालकिणीने गढीमागे सरळ रेषांची फ्रेंच धर्तीची बाग केली होती. तितुसने ती मोडून मोकळ्या इंग्रजी पद्धतीचे उद्यान आखले व परदेशी रोपे आणविली. मुलगा यान याने हे काम वाढविले. तेथील हिवाळा कडक. दोनतीन सौम्य हिवाळ्यांत तग धरलेले रोप एखाद्या कडाक्याच्या वर्षी जळून जाते. म्हणून परदेशी झाड त्या मातीत रुजले की नाही, याचा निकाल लागण्यास एक आयुष्यही अपुरे पडते. बापाने लावावे, मुलाने पाहावे, असा हा व्यवहार. आणि मुलाच्या पायांखालची जमीन तरी कोठे स्थिर होती? १८६३ च्या उठावात भाग घेतल्याबद्दल प्रशियाच्या न्यायालयाने यानला त्याच्या गैरहजेरीत देहान्त शिक्षा सुनावली, आणि माफी मिळेपर्यंत त्याला परदेशांत राहावे लागले.

यान १८८० मध्ये निपुत्रिक वारला. त्याचा भाचा व्वादिस्वाफ झामोयस्की वारस झाला. १८८५ मध्ये प्रशियाने त्यालाही हद्दपार केले. १९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाल्यानंतरच तो कुर्निकला राहावयास परतला. तो अविवाहित होता. १९२४ मध्ये त्याने गढी, ग्रंथालय, उद्यान, जंगले, सारी मालमत्ता राष्ट्राला देऊन टाकली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो वारला. १९२५ मध्ये पोलंडच्या संसदेने कायदा करून या देणगीवर शिक्कामोर्तब केले. त्याच्या जहागिरीच्या कारभाऱ्याला १९२३ मध्ये कुर्निक येथे झालेली मुलगी म्हणजेच विस्लावा शिंबोर्स्का, १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळविणारी कवयित्री.

दुसऱ्या महायुद्धात कुर्निक जर्मनांच्या ताब्यात गेले, तरी ग्रंथालय बचावले. मित्सक्येविच या राष्ट्रकवीचे हस्तलिखित आजही तेथे आहे. ग्रंथालय व उद्यान दोन्ही पुढे पोलिश विज्ञान अकादमीकडे आली. उद्यानाशेजारीच तिची वृक्षविज्ञान संस्था आहे, आणि वसंतात तेथील मॅग्नोलिया व लायलॅक पाहावयास पोझनानहून माणसे येतात.