पर्थ
स्कॉटलंडमधील एक ऐतिहासिक शहर. ते एडिंबरोच्या उत्तरेस, टे नदीच्या प्रामुख्याने पश्चिम काठावर वसले आहे. जुन्या शहराचा विस्तार मर्यादित असल्याने ते पायी फिरून पाहता येते; तथापि येथील मध्ययुगीन इतिहास वास्तूंपेक्षा स्थलनामांतच अधिक उरला आहे.

पहिला जेम्स या राजाचा १४३७ मध्ये येथील डॉमिनिकन मठात खून झाला. त्याने स्वतः स्थापिलेल्या कार्थुसियन मठात त्याचे दफन करण्यात आले. मे १५५९ मध्ये सेंट जॉन चर्चमध्ये जॉन नॉक्स याने मूर्तिपूजेविरुद्ध प्रवचन दिले. त्यानंतर जमावाने शहरातील मठ लुटून उद्ध्वस्त केले. चर्च टिकले, मठांची स्मृती मात्र ब्लॅकफ्रायर्स, चार्टरहाउस यांसारख्या नावांपुरतीच राहिली.

मानवाप्रमाणे नदीनेही शहराची हानी केली. १६२१ च्या पुरात पूल वाहून गेला व सु. दीडशे वर्षे नावेनेच नदी ओलांडावी लागे. जॉन स्मीटन याने १७६६–७१ मध्ये बांधलेला वालुकाश्माचा कमानी पूल अद्याप वापरात आहे. त्याच्या खांबावर पुरांच्या पातळ्या कोरल्या असून १८१४ ची खूण सर्वांत उंच आहे. १९९३ च्या महापुरानंतर नदीकाठी संरक्षक भिंती व पूरदरवाजे बांधण्यात आले.

जवळच्या स्कोन येथील राज्याभिषेकाची शिळा पहिल्या एडवर्डने १२९६ मध्ये इंग्लंडला नेली होती. ती १९९६ मध्ये स्कॉटलंडला परत मिळाली व २०२४ पासून पर्थच्या संग्रहालयात आहे.