धुरकरी आपला हवा

पेको बान्याया २०२२ आणि २०२३ मध्ये मोटोजीपीचा, म्हणजे मोटारसायकल शर्यतींचा, जगज्जेता झाला. २०२४ मध्ये तो मान होर्हे मार्तीनला मिळाला. हे दोघंही पोरवयात महिंद्राच्या गाडीवर शर्यती खेळले होते, हे मी सांगतो तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या आर्णीत कोणाला खरं वाटत नाही. महिंद्रा म्हणजे ट्रॅक्टर, महिंद्रा म्हणजे बोलेरो. कापसाच्या हंगामात बाजार समितीसमोर लागलेली रांग बघितली तर लोकांचंही काही चुकत नाही. पण नागपूर–नांदेड रस्त्यावरच्या माझ्या दुचाकीच्या गॅरेजात मी महिंद्राच्या शर्यतीच्या टीमचा इतिहास पोरांना नेमाने सांगतो. तो त्यांना ठाऊक असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात पुण्यात झाली. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये लुना काढली आणि १९८४ मध्ये होंडाच्या साथीने कायनेटिक होंडा. लुना आमच्याकडे दुधाच्या कॅन, खताची पोती, शाळेतली पोरं, सगळं वाहून नेत असे. माझा हात या कामात बसला तो लुनाच्या टू-स्ट्रोक इंजिनावर. २००८ मध्ये महिंद्राने कायनेटिकचा दुचाकीचा धंदा घेतला आणि चिंचवडला नवी कंपनी उभी केली. त्याच सुमारास इटलीतली इंजिन्स इंजिनियरिंग नावाची डिझाइन कंपनीही घेतली. हिरो, होंडा आणि बजाज पाय रोवून बसलेल्या बाजारात नवख्याने नाव कसं कमवायचं, हा प्रश्न होता. महिंद्राने त्यावर शर्यतीचा रस्ता निवडला. मोटोजीपी हा ज्या जागतिक ग्रां प्रीचा सर्वांत वरचा गट, तिच्याच १२५ सीसी गटात ते २०११ मध्ये उतरले. या स्पर्धेत स्वतःच्या नावाची गाडी उतरवणारी ही पहिली भारतीय कंपनी.

चालक होते इंग्लंडचा डॅनी वेब आणि जर्मनीचा मार्सेल श्रोटर. त्या मोसमाच्या शेवटी, वॅलेन्सियाला, वेबने पात्रता फेरीत सर्वांत कमी वेळ नोंदवून पहिली जागा मिळवली. टू-स्ट्रोक १२५ गटाची ती अखेरची शर्यत होती. जागतिक स्पर्धेतून टू-स्ट्रोकचा आवाज गेला तेव्हा सगळ्यांच्या पुढे एक भारतीय नावाची गाडी उभी होती, याचा मला आजही अभिमान आहे.

२०१२ पासून त्या जागी मोटो३ आलं. फोर-स्ट्रोक, एकच सिलिंडर, २५० सीसी. हे इंजिन मी पोरांना स्प्लेंडर समोर ठेवून समजावतो, कारण स्प्लेंडर इथे घरटी आहे. स्प्लेंडरचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५. मोटो३ मध्ये बोअर ८१ मिलिमीटरच्या पुढे नेता येत नाही. तेवढ्या बोअरमध्ये २५० सीसी बसवायचे तर स्ट्रोक येतो ४८.५. म्हणजे पिस्टन वरखाली जातो तो जवळजवळ स्प्लेंडरइतकाच! फरक असा की तो मिनिटाला तेरा-चौदा हजार फेऱ्यांपर्यंत टिकला पाहिजे आणि त्याने पन्नासच्या वर एचपी दिली पाहिजे. स्प्लेंडर आठच्या आसपास देते. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, तेलाचा दाब, कुठेही केसभर कमीजास्त झालं तर इंजिन जागेवर बसतं. हे ऐकलं की पोरांचे हात थांबतात.

असं इंजिन पहिल्या झटक्यात कोणालाच साधत नाही. महिंद्राचा २०१२ चा मोसम फार वाईट गेला. तिथे सोडून द्यायचं कारण होतं, पण त्यांनी स्वित्झर्लंडच्या सुटर कंपनीला सोबत घेतलं आणि २०१३ साठी गाडी नव्याने घडवली. पोर्तुगालचा मिगेल ओलिवेरा आणि स्पेनचा एफ्रेन वास्केस चालवायला आले. त्याच वर्षी मलेशियात, सेपांगला, ओलिवेरा पहिल्या तिघांत आला. एका वर्षात शेपटापासून व्यासपीठापर्यंत येणं ही कारागिरांची कमाई असते, आणि या सगळ्या कहाणीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच वर्ष.

२०१५ पासून महिंद्राने स्वतःची टीम न चालवता स्पेनच्या आस्पार टीमला गाड्या दिल्या. बान्याया आणि मार्तीन तिथलेच. २६ जून २०१६ ला नेदरलँड्समधल्या आसेनला बान्यायाने शर्यत जिंकली. ग्रां प्रीमध्ये भारतीय गाडीचा तो पहिला विजय. ऑगस्टमध्ये ब्रनोच्या पावसात स्कॉटलंडचा जॉन मॅकफी जिंकला. त्याच्या गाडीवर प्यूजो लिहिलं होतं, कारण प्यूजोच्या स्कूटर कंपनीत महिंद्राचा मोठा हिस्सा होता, पण आत यंत्र महिंद्राचंच. त्याच शर्यतीत मार्तीन दुसरा आला. ऑक्टोबरमध्ये सेपांगला बान्याया पुन्हा जिंकला. एका मोसमात तीन विजय मिळाले. पुढच्याच वर्षी गाडी मागे पडली, आणि २०१७ चा मोसम संपताना महिंद्राने मोटो३ सोडलं. लक्ष विजेवरच्या फॉर्म्युला ई कडे वळवलं.

मी आसेनची गोष्ट सांगत असताना एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं होतं, "भाऊ, ते पोट्टं जिंकलं, पण त्यात आपलं काय?"

हा प्रश्न मला टाळता येत नाही. आमच्याकडे शंकरपट असतो. बैलजोडी घड्याळाविरुद्ध सुटते आणि निकाल सेकंदांवर लागतो. जोडी कोणाच्या गोठ्यात वाढली, ती हाकणारा धुरकरी कुठला, हे सगळ्या गावाला माहीत असतं. म्हणून जिंकली की गाव नाचतं. महिंद्राच्या टीमचा धुरकरी इटलीचा, स्पेनचा, पोर्तुगालचा. गाडी घडली इटली-स्वित्झर्लंडमध्ये. नाव आणि पैसा आपला. जागतिक शर्यतीत शिरण्यासाठी सुरुवातीला तसंच करावं लागतं, हे मी मानतो. पण सात मोसमांत एकही भारतीय पोरगा त्या गाडीवर कायमचा बसला नाही. शर्यतीचं ज्ञान दुकानातल्या गाडीतही उतरलं नाही. २०१५ ला आलेली महिंद्राची मोजो ही ३०० सीसीच्या घरातली लांब पल्ल्याची गाडी होती, शर्यतीची नव्हे. तिच्या इंजिनाचा वंश पुढे २०१८ च्या जावात पिथमपूरला चालू राहिला, ही मात्र चांगली गोष्ट. टीम बंद झाली तेव्हा मागे आठवण उरली, शाळा उरली नाही.

आता पुढचं बघू. मोटो३ मध्ये महिंद्राला वर्षानुवर्षं दमवलं ते ऑस्ट्रियाच्या केटीएमने. पहिल्या मोटो३ मोसमाचा जगज्जेता सांद्रो कोर्तेसे आणि २०१६ चा ब्रॅड बिंडर, दोघंही केटीएमवर. त्या केटीएममध्ये पुण्याच्या बजाजने २००७ पासून हिस्सा घेतला होता. ड्यूक आणि आरसी चाकणला बनतात. माझ्या गॅरेजासमोरून पोरं त्या गाड्या घेऊन जातात. कर्जात बुडालेल्या केटीएमला २०२५ मध्ये बजाजनेच वाचवलं आणि ताबा घेतला. म्हणजे मोटोजीपी खेळणाऱ्या कंपनीची मालकी आज पुण्यात आहे. महिंद्राला जिथे शून्यातून उभं राहावं लागलं, तिथे बजाजच्या हाती सगळं तयार आलं आहे. एवढंच नव्हे, जगभरातली पोरं ज्यातून वर येतात त्या रूकीज कपच्या गाड्याही केटीएमच्याच. मार्तीन २०१४ मध्ये तो कप जिंकूनच पुढे महिंद्राकडे आला.

आमचा रस्ता चौपदरी झाल्यापासून रात्री पोरं त्यावर पैजा लावतात. हेल्मेट नाही, समोरून उसाचा ट्रक. अशा गाड्यांचे वाकलेले फोर्क मी सरळ करतो, आणि पोराच्या बापाच्या डोळ्यांत बघवत नाही. त्यांची वेगाची भूक खरी आहे. तिला जागा नाही. देशातल्या शर्यती चेन्नई आणि कोइम्बतूरला होतात. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या पोराने तिथे जायचं कसं?

म्हणून माझं बजाजला कळकळीचं सांगणं आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांची निवड चाचणी पुण्या-मुंबईत घ्याच, पण एक नागपूरलाही घ्या. गाडी, हेल्मेट आणि सूट तुमचा द्या, कारण तो खर्च इथल्या घरांना झेपत नाही. निवडलेल्यांना चेन्नईच्या ट्रॅकवर शिकवा आणि त्यातला एक रूकीज कपला पाठवा. सोबत एखादा तरुण मेकॅनिकही न्या. आर्णीतून पाठवायला माझ्याकडे आजच दोन तयार आहेत.