राजकोटचा पुतळा आणि कुडाळचा कौल

निवडणुकीच्या तोंडावर एखादे प्रकरण गाजले की मत फिरते, असे आपण सहज धरून चालतो. मालवणचा दाखला निराळा आहे. राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. पंतप्रधानांनी पालघरच्या सभेत जाहीर क्षमा मागितली. सत्ताधारी महायुतीला हे भोवणार, असे अनेकांना वाटले.

परंतु 28 ऑगस्टला त्याच किल्ल्यावर आदित्य ठाकरे व नारायण राणे यांचे समर्थक भिडले, आणि लोकांचा संताप 2005 पासूनच्या जुन्या वैरात मिसळून गेला. काम निकृष्ट कसे झाले, हा प्रश्न मागे पडला. कोण कोणाचा, एवढेच उरले. जूनमध्ये लोकसभेला नारायण राणे निवडून आलेच होते. नोव्हेंबरात, मालवण ज्यात मोडते त्या कुडाळ मतदारसंघात, निलेश राणे यांनी आमदार वैभव नाईक यांचा पराभव केला. जिल्ह्यातील तिन्ही जागा महायुतीने जिंकल्या.

मतदार विसरला, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र प्रकरणाचा अर्थ तो कोऱ्या मनाने लावत नाही. म्हणून ते त्याने कोणाच्या तोंडून ऐकले, हे इतिहासकाराने आधी पाहावे, असे आम्हांला वाटते.