अर्ध्या टक्क्यावर पडलेले सरकार

अर्थसंकल्प म्हटला की पुष्कळांना आकड्यांचा कंटाळा येतो. आम्हांला तो येत नाही. पगाराच्या चिठ्ठीवरचा एकेक आकडा वाचण्यातच आमचे आयुष्य गेले. म्हणून आज जर्मनीतील एक हकीकत सांगावी असे आम्ही योजिले आहे. वायमार प्रजासत्ताकाचे बहुमतावर चालणारे शेवटचे सरकार वर्गणीच्या अर्ध्या टक्क्यावर कसे पडले, याची ही हकीकत.

मे १९२८च्या निवडणुकीत राइशटागच्या ४९१ जागांपैकी १५३ जागा सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला मिळाल्या. पक्ष सर्वांत मोठा खरा, पण बहुमत कोठले? चॅन्सेलर हेर्मान म्युलर यांनी पाच पक्षांची मोट बांधली. तिच्या एका टोकाला कामगार संघटनांचा हा पक्ष, तर दुसऱ्या टोकाला कारखानदारांचा जर्मन लोकपक्ष! त्याच वर्षी नोव्हेंबरात एका युद्धनौकेच्या खर्चावरून वाद झाला. मंत्रिमंडळाने नौका मंजूर केली होती. पक्षाने तिच्याविरुद्ध ठराव आणला. आणि पक्षाची आज्ञा म्हणून म्युलर यांना आपल्याच मंत्रिमंडळाच्या निर्णयाविरुद्ध मत द्यावे लागले. ठराव फेटाळला गेला, नौका वाचली. सरकारची पत वाचली नाही.

आता मूळ मुद्दा. १९२७च्या कायद्याने जर्मनीत बेकारी विमा आला होता. आपल्याकडे ई.एस.आय.ची वर्गणी कापतात, तशी ही पगाराच्या तीन टक्के वर्गणी असे. निम्मी मालकाची, निम्मी कामगाराची. परंतु १९३०च्या आरंभी बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली. विम्याचा निधी आटला, सरकारी तिजोरीतून कर्जे काढावी लागली. वर्गणी साडेतीन टक्के केली, तरी तोंडमिळवणी होईना. मजूरमंत्री रुडॉल्फ व्हिसेल हे स्वतः संघटनेतून वर आलेले. ते म्हणाले, चार टक्के करा. लोकपक्ष म्हणाला, भत्ता कापा. त्या पक्षाला आघाडीत धरून ठेवणारे श्ट्रेसेमान ऑक्टोबर १९२९मध्येच वारले होते.

तेव्हा सेंटर पक्षाच्या हाइनरिख ब्र्यूनिंग यांनी तोड काढली: वर्गणी तूर्त आहे तेवढीच राहू द्यावी, सरकारने ठरावीक मदत द्यावी, पुढचे पुढे पाहावे. लोकपक्षाने ती मानली. म्युलरही मान्य करण्याच्या बाजूचे होते. पण २७ मार्च १९३० रोजी पक्षाच्या संसदीय गटात संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज वरचढ ठरला. आज मदत ठरावीक झाली, की उद्या भत्त्याला कात्री लागणारच, असे त्यांचे म्हणणे. तोड फेटाळली गेली. त्याच दिवशी म्युलर यांनी राजीनामा दिला.

संघटनांना हटवादी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. भत्त्याला कात्री लागेल हा त्यांचा तर्क बरोबरच होता, आणि बेकाराच्या घरात त्या भत्त्याचा अर्थ काय असतो, हे त्यांना मंत्र्यांपेक्षा अधिक ठाऊक होते. शिवाय राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांच्या भोवतालची मंडळी संसदेवाचून चालणाऱ्या सरकारचे बेत आधीपासूनच करीत होती. पण हे बेत असतानाच आपण होऊन खुर्ची रिकामी करून दिली, हे मात्र आम्हांला पटत नाही. वाटाघाटीतून उठताना आपल्या जागी कोण येऊन बसणार, हे गिरणीच्या दारातला साधा कार्यकर्ताही पाहतो.

त्या जागी ब्र्यूनिंग आले. १६ जुलै १९३० रोजी राइशटागने त्यांचे आर्थिक विधेयक २५६ विरुद्ध १९३ मतांनी फेटाळले. त्यांनी घटनेच्या ४८व्या कलमाखाली तेच वटहुकुमाने लागू केले. १८ जुलैला सभागृहाने २३६ विरुद्ध २२२ मतांनी वटहुकूम रद्द ठरविला, आणि सभागृहच विसर्जित झाले. १४ सप्टेंबरच्या निवडणुकीत हिटलरचा पक्ष १२ जागांवरून १०७ वर गेला. २ मे १९३३ रोजी त्याच्या माणसांनी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या.

आणि ती वर्गणी? १९३०च्याच उन्हाळ्यात ती साडेचार टक्के झाली, ऑक्टोबरात साडेसहा टक्के. तिचा निम्मा वाटा पूर्वीप्रमाणेच कामगाराच्या पगारातून कापला जात होता.