आपल्या हिशेबाची वही

हिशेब हा शब्द मराठी माणसाच्या तोंडीं इतका बसला आहे कीं, तो मूळचा परका आहे याची आठवणही कोणास होत नाहीं. कल्याणच्या बाजारपेठेंत, ठाण्याच्या कचेरींत, घरच्या जमाखर्चांत तो सारखाच वावरतो. हा शब्द अरबी. आणि ज्या धातूपासून तो निघाला, त्याच धातूपासून इस्लामी नीतिविचारांतील दोन मोठे शब्द निघाले आहेत. एक ‘मुहासबा’, म्हणजे स्वतःच्या मनाचा व कृत्यांचा हिशेब घेणें. दुसरा ‘मुहतसिब’, म्हणजे बाजारांतील वजनें-मापें व लोकांचें उघड वर्तन यांवर देखरेख करणारा अधिकारी. एकाची नजर आंत वळलेली, दुसऱ्याची बाहेर. या दोन नजरांमधील सीमा कोठें आंखली गेली, हें पाहण्याजोगें आहे. कारण तो प्रश्न केवळ मुसलमानांचा नाहीं.

कुराणाच्या ‘हुजुरात’ नांवाच्या ४९व्या सुरेंत एकाच आयतींत तीन गोष्टी क्रमानें निषिद्ध मानल्या आहेत: दुसऱ्याविषयीं नाना संशय घेणें, त्याच्या पाळतीवर राहणें आणि त्याच्या पाठीमागें त्याची निंदा करणें. निंदेस मेलेल्या भावाचें मांस खाण्याची उपमा दिलेली आहे. आम्हांस उपमेपेक्षां हा क्रम अधिक विचार करण्याजोगा वाटतो. संशय आला कीं मनुष्य पुरावा शोधूं लागतो. शोधणाऱ्यास कांहींना कांहीं सांपडतेंच. आणि सांपडलेलें पोटांत राहत नाहीं. तेव्हां केवळ जिभेवर पहारा बसवून भागत नाहीं. पहिल्याच पायरीवर पाऊल आवरावें लागतें.

पण संशयाची संवय लागलेल्या मनानें मग करावें तरी काय? त्याचें उत्तर मुहासबा या शब्दांत आहे. बसऱ्यास जन्मलेले व इ. स. ८५७ मध्यें बगदाद येथें वारलेले हारिस यांस लोक ‘मुहासिबी’, म्हणजे स्वतःचा हिशेब घेणारा, म्हणूनच ओळखूं लागले. पुढें इमाम गझाली (मृत्यु इ. स. ११११) यांनीं आपल्या ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथांत या विषयास स्वतंत्र प्रकरण दिलें आणि तो व्यापाऱ्याच्या दृष्टांतानें समजाविला. पेढीचा मालक भागीदाराच्या हातीं भांडवल देतो, तेव्हां आधीं अटी ठरवितो, मग लक्ष ठेवितो, आणि शेवटीं वही उघडून नफातोटा पाहतो. गझालींच्या मतें बुद्धि हा मालक, मन हा भागीदार आणि आयुष्य हें भांडवल. सकाळीं मनाशीं करार करावा, दिवस संपतां झाडा घ्यावा. तूट आढळली तर दंडही मनालाच करावा.

खलीफा उमर (कारकीर्द इ. स. ६३४ ते ६४४) यांच्यासंबंधीं एक कथा परंपरेनें सांगतात, गझालींनींही ती दिली आहे. मदिनेंत रात्रीं गस्त घालतांना एका घरांतून गाण्याचा आवाज आला. उमर भिंत चढून आंत उतरले, तों घरधनी मद्य घेऊन बसलेला. त्यांनीं दरडावतांच तो म्हणाला कीं, माझ्या हातून एक पाप घडलें असेल, पण आपल्या हातून तीन घडलीं: आपण पाळत ठेविलीत, दार सोडून भिंतीवरून आलांत, आणि परवानगी न घेतां, सलाम न करतां परक्या घरांत शिरलांत. उमर निरुत्तर होऊन परत फिरले. कथेंतील हें तत्त्व धर्मशास्त्रांतही उतरलें. इ. स. १०५८ मध्यें वारलेले न्यायशास्त्रज्ञ मावर्दी मुहतसिबाचीं कर्तव्यें सांगतांना बजावतात कीं, पुढें भरून न निघणारी हानि होण्याचे प्रसंग वगळतां, त्यानें उघड घडेल तेवढेंच पाहावें; बंद दारामागचें हुडकीत बसूं नये. ज्याचें कामच इतरांवर देखरेख ठेवणें, त्यालाही दाराशीं थांबावें लागलें. मग इतरांची काय कथा!

हा विचार आमच्या किनाऱ्यावर फार पूर्वीं गलबतांबरोबर आला. अरब प्रवासी मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलास आला, तेव्हां उत्तर कोंकणांत शिलाहार राजा झंझ याचें राज्य होतें. चौलांत सुमारें १०,००० मुसलमान राहतात, असें तो लिहितो. त्यांचा कारभार पाहण्यास त्यांच्यांतीलच एक प्रमुख राजानें नेमलेला असे. कल्याण-भिवंडीकडील कोंकणी मुसलमानांचा पूर्वेतिहास याच दर्यावर्दी व्यवहाराशीं जोडलेला आहे. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) हे या किनाऱ्यावरील थोर पंडित. त्यांनीं कुराणावर अरबींत भाष्य लिहिलें.

घाटावर हीच आत्मपरीक्षेची वाट श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीं मराठींत आणली. कादिरी सूफी परंपरेंतील चांद बोधले हे त्यांचे गुरु. त्यांचा ‘योगसंग्राम’ शके १५६७, म्हणजे इ. स. १६४५ मध्यें पुरा झाला. नांव संग्रामाचें खरें. परंतु रणांगण साधकाच्या अंतःकरणांत आहे, आणि शत्रु त्याचेच काम, क्रोध व अहंकार आहेत. छंद ओवीचा असल्यामुळें वारकऱ्यालाही तो ग्रंथ परका वाटला नाहीं.

ही शिकवण ऐकणारांनीं ती नेहमीं पाळली, असें कोणत्याच धर्माच्या माणसास छातीवर हात ठेवून म्हणतां येणार नाहीं. आम्हां ठाणें-कल्याणकडील लोकांना तर उदाहरण दूर शोधावें लागत नाहीं. मे १९७० मध्यें आणि पुन्हा मे १९८४ मध्यें शेजारच्या भिवंडींत दंगे झाले. माणसें मेलीं, घरें जळालीं. अशा आगीची पहिली ठिणगी संशयाचीच असते. १९८८ पासून तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनीं मोहल्ला समित्या स्थापिल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसें त्यांत एकत्र बसूं लागलीं व लहानसहान तंटे वेळींच मिटवूं लागलीं. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्यें मुंबई पेटली असतां भिवंडी शांत राहिली. त्याचें पुष्कळसें श्रेय या समित्यांना दिलें जातें. समित्यांनीं कोणाला गझाली शिकविले नव्हते. परंतु रोज समोर बसणाऱ्या माणसाविषयींचा संशय फार दिवस पोसतां येत नाहीं, हा अनुभव मात्र त्यांतून आला.

घरखर्चाची वही आपण रोज लिहितों, आणि तींत शेजाऱ्याचा खर्च कधीं मांडीत नाहीं. मनाच्या वहींत मात्र पहिलें नांव शेजाऱ्याचें पडतें, आणि आपलें पान कोरें राहतें. तें पान रोज रात्रीं उघडावें, एवढेंच त्या जुन्या हिशेबनिसांचें मागणें आहे.